बास, काच आणि फळा

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या क्लासमध्ये बास गिटार शिकायला येणारी मुलं मोजकीच. लीड गिटारची बॅच भरलेली असते. बासकडे वळणारा मुलगा बहुतेक वेळा बँडमध्ये गिटारवाले दोन झाले म्हणून वळलेला असतो. अशाच एका मुलाचे वडील मध्यंतरी भेटायला आले. अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. पाणी घेतलं, थोडं इकडचं तिकडचं बोलले आणि मग सरळ विचारलं, "सर, हा गाणारा असता, गिटार वाजवणारा असता, तर लोकांना दिसला तरी असता. हे चार तारांचं घेऊन पुढे करणार काय?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना एका माणसाबद्दल सांगायला सुरुवात केली आणि पाऊण तास बोलत राहिलो, तरी बरंच सांगायचं राहिलं. त्या माणसाचं नाव टोनी व्हिस्कॉन्टी. तो बास वाजवायचा, मग रेकॉर्ड प्रोड्युसर झाला, उतारवयात विद्यापीठात शिकवायला उभा राहिला. ही तीन वेगवेगळी कामं आहेत असं मला कधीच वाटलं नाही. एकाच कामाला तीन जागा मिळाल्या, इतकंच. पण ते पटवायचं तर आधी त्या वाद्यापासून सुरुवात करावी लागते.

तळाचा आवाज काय असतो हे नाशिकच्या माणसाला शिकवावं लागत नाही. विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि मेहेर सिग्नलला येते, तेव्हा अशोक स्तंभावर उभं राहून पाहा. ताशा अजून नीट कानावर आलेला नसतो, पण ढोल आधीच छातीत वाजायला लागलेला असतो. उंच आवाज भिंतीला अडतात, खालचे आवाज इमारतींना वळसा घालून येतात. बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. त्या आवाजाची एक लाट हवेत जवळजवळ सव्वाआठ मीटर, म्हणजे २७ फूट लांब असते. आमच्या क्लासची खोली १० बाय १२ची आहे. ती लाट तिथे मावतच नाही; कोपऱ्यात साचते आणि एखादा सूर उगाच घुमतो. म्हणून आम्ही कोपऱ्यांत जुन्या गाद्या उभ्या करून ठेवल्या आहेत. पालकांना वाटतं, सामान ठेवायला जागा नसेल.

बास गिटारच्या आधी हे काम डबल बास करायचा. माणसापेक्षा उंच, व्हायोलिनच्या घराण्यातला, उभं राहून वाजवायचा. तो बसमध्ये चढवणं हीच एक कसरत होती आणि ड्रम, ट्रम्पेट जोरात लागले की त्याचा आवाज बुडून जायचा. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकात विजेवर चालणारा, गिटारसारखा आडवा धरायचा बास बनवून पाहिला होता. तो चालला नाही. १९५१मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बास बाजारात आणला आणि चित्र पालटलं. ३४ इंच लांबीच्या तारा, आणि गळ्यावर गिटारसारख्या पट्ट्या. डबल बासच्या गुळगुळीत पट्टीवर सूर अंदाजाने धरावा लागे. इथे पट्टीमागे बोट ठेवलं की सूर नेमका तिथेच. प्रिसिजन हे नाव त्या नेमकेपणावरूनच आलं.

बँडमध्ये हा वाजवणारा उभा कुठे असतो, याला फार महत्त्व आहे. एका बाजूला ड्रमचा पाय, दुसऱ्या बाजूला गिटार आणि पियानोची सुरांची जुळणी, मध्ये बास. त्याला दोन्हीकडे कान द्यावे लागतात. शिवाय त्याच्या हातात एक गुप्त किल्ली असते. गिटारवाला सा-ग-प धरून बसला आहे असं समजा. बासवाल्याने खाली सा लावला तर ती जुळणी उजळ वाटते. त्याने तिथून मंद्रातला शुद्ध धैवत लावला, गिटारवाल्याचं बोटही हललं नाही, तरी तीच जुळणी एकदम उदास होते. ऐकणाऱ्याला कळत नाही कुणी काय केलं. ज्याला ही किल्ली सापडते त्याला पूर्ण गाण्याचाच विचार करायची सवय लागते. आपण किती वाजवलं यापेक्षा आपल्यामुळे बाकीच्यांचं कसं ऐकू आलं, हे तो पाहू लागतो.

व्हिस्कॉन्टीचा जन्म २४ एप्रिल १९४४चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला, इटालियन वळणाच्या घरातला. पाचव्या वर्षी हातात छोट्या गिटारसारखी युकुलेली आली, मग गिटार. शाळेच्या वाद्यवृंदात डबल बास आणि ब्रास बँडमध्ये ट्यूबा. ट्यूबा म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये खांद्यावर वेटोळं घालून घेतात त्या जातीचं, पोटातून फुंकायचं मोठं पितळी वाद्य. म्हणजे गिटारचा नाद होता तरी शाळेतच त्याच्या वाट्याला दोनदा तळाचा सूर आला. आणि त्या वाद्यवृंदात त्याला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला-लिहायला मिळालं. रॉकमधल्या पुष्कळ मुलांना ते येत नव्हतं. पुढचं सगळं आयुष्य या एका कौशल्यावर फिरलं, म्हणून ते लक्षात ठेवायला हवं. विशीत तो क्लबांमधून वाजवत होता आणि तेव्हाच्या पत्नीबरोबर टोनी अँड सिग्रिड या जोडीने गात होता. फारसं काही झालं नाही.

इथे एका शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. आपण 'निर्माता' म्हणतो तेव्हा पैसा घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. नाशिकमध्ये तर हा शब्द उच्चारला की दादासाहेब फाळके आठवतात. १९१३मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आल्यानंतर ते नाशिकला आले, इथे चित्रपट केले आणि १६ फेब्रुवारी १९४४ला इथेच गेले. फाळके पैसा उभा करत, कॅमेरा चालवत, दिग्दर्शन करत, फिल्म स्वतः धूत. त्यांच्यात सगळीच कामं एकत्र होती. रेकॉर्ड प्रोड्युसर मात्र पैसेवाला नसतो. कुठलं गाणं घ्यायचं, कुठल्या वेगात, कुणी काय वाजवायचं, कुठला प्रयत्न ठेवायचा आणि कुठला पुसायचा, माइक कुठे लावायचा, गायक रुसला तर त्याला चहा पाजून परत कसा उभा करायचा, हे सगळं तो बघतो. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द 'संगीत संयोजक'. कॅसेटच्या कव्हरवर 'संगीत संयोजन: अनिल मोहिले' असं वाचून मोठे झालेल्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मोहिले मूळचे व्हायोलिनवादक. त्यांचे जोडीदार अरुण पौडवाल अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. वाद्यवृंदात बसून दुसऱ्यांचं ऐकलेली माणसं संयोजक होतात, हे आपल्याकडेही तसंच घडलं आहे. हिंदी चित्रपटांत गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तेच केलं. तेही व्हायोलिनवाले, तेही संयोजक, आणि प्यारेलाल व राहुल देव बर्मन यांचे शिक्षक.

व्हिस्कॉन्टी न्यूयॉर्कमध्ये एका संगीत प्रकाशन संस्थेत काम करत असताना डेनी कॉर्डेल हा लंडनचा प्रोड्युसर तिथे आला. त्याचं रेकॉर्डिंग काही वेळात होतं आणि वादकांपुढे ठेवायला काहीच लिहिलेलं नव्हतं. लंडनमध्ये दिवसभर वाजवत बसून गाणं जमवायची त्याला सवय. न्यूयॉर्कमध्ये वादकांचे पैसे तासावर. व्हिस्कॉन्टीने गाणं ऐकलं, कागद ओढला आणि प्रत्येकाचे सूर लिहून दिले. रेकॉर्डिंग वेळेत झालं. कॉर्डेलने त्याला साहाय्यक म्हणून लंडनला बोलावलं आणि १९६७मध्ये तो गेला. काही महिन्यांचा मुक्काम म्हणून निघालेला माणूस वीसेक वर्षं तिथेच राहिला.

त्या वर्षी ३० सप्टेंबरला बीबीसीने रेडिओ वन ही तरुणांसाठीची नवी वाहिनी सुरू केली. तिच्यावर वाजलेलं पहिलं पूर्ण गाणं होतं द मूव्ह या बँडचं 'फ्लॉवर्स इन द रेन'. त्यातल्या सुषिर वाद्यांचं संयोजन व्हिस्कॉन्टीचं होतं. लंडनमध्ये येऊन सहा महिनेही झाले नव्हते.

पुढे त्याने स्वतः शोधून काढलेला पहिला कलावंत मार्क बोलन. एका क्लबमध्ये दोन पोरं जमिनीवर सतरंजी टाकून बसली होती, एक गिटार, एक बोंगो. समोर बसलेले तरुण गप्प होऊन ऐकत होते. बँडचं नाव टायरॅनोसॉरस रेक्स, पुढे आटोपशीर होऊन टी. रेक्स. बोलनने हातात विजेची गिटार घेतली. १९७०मध्ये व्हिस्कॉन्टीने गाण्यात थोडीशी व्हायोलिनं टाकली. मोठा ऑर्केस्ट्रा नाही, मोजकी चार. गिटार घासत असते आणि तिच्या वर ती व्हायोलिनं एकाच साध्या ओळीत उभी राहतात. 'राइड अ व्हाइट स्वान' इंग्लंडच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, पुढच्या वर्षी 'हॉट लव्ह' सहा आठवडे पहिलं राहिलं. ब्रुकलिनच्या शाळेतला तो नोटेशनचा तास इथे कामाला आला. पुढे १९७३मध्ये पॉल मॅकार्टनीच्या 'बँड ऑन द रन'साठी ऑर्केस्ट्रा लिहायला त्यालाच बोलावलं गेलं. मॅकार्टनी स्वतः बास वाजवणारा. एका बासवाल्याला दुसऱ्याकडून काय हवं, हे सांगायला फार शब्द लागले नसतील असं मला वाटतं.

डेव्हिड बोवी या इंग्लिश गायकाशी गाठ पडली तीही याच काळात. सुरुवात मात्र चुकीने झाली. १९६९मध्ये बोवीने 'स्पेस ऑडिटी' ऐकवलं. त्या जुलैत माणूस चंद्रावर उतरणार होता आणि व्हिस्कॉन्टीला वाटलं, हे गाणं त्या बातमीवर स्वार व्हायला बघतंय. तो म्हणाला, अल्बम मी करतो, हे एक गाणं दुसऱ्याकडून करून घे. गस डजन यांनी ते केलं आणि बोवीचं ते पहिलं मोठं गाणं ठरलं. व्हिस्कॉन्टीने ही चूक नंतर कधी लपवली नाही. माझ्या क्लासमधल्या मुलांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगतो. कान कितीही तयार असले तरी काळ ओळखण्यात चूक होऊ शकते.

स्टुडिओत वादकांची खोली आणि प्रोड्युसरची खोली यांच्यामध्ये काच असते. बोवीच्या १९७०च्या 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड' या अल्बमवर तो त्या काचेच्या दोन्ही बाजूंना आहे. प्रोड्युसरही तोच आणि बास वाजवणाराही तोच. गिटारवर मिक रॉन्सन, ड्रमवर वुडी वुडमन्सी. रॉन्सनने त्याला क्रीम या बँडच्या जॅक ब्रूसचा बास ऐकायला लावला होता आणि तो परिणाम रेकॉर्डवर स्पष्ट ऐकू येतो: बास मागे राहत नाही, गिटारशी वाद घालत पुढे येतो. बोवीचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, स्टुडिओत त्याचं लक्ष कमी. गाण्यांचे सांगाडे बरेचसे या तिघांनी उभे केले, शब्द शेवटी आले. व्हिस्कॉन्टी वैतागून बाहेर पडला आणि काही वर्षं बोलनकडेच राहिला. बास वाजवता वाजवता प्रोड्युसर असणं किती जड जातं, हे बहुधा त्याला इथे कळलं. वाजवताना आपला सूर आवडू लागतो. काचेपलीकडे बसायचं तर ते प्रेम बाजूला ठेवावं लागतं.

बोवीशी पुन्हा जमलं ते सत्तरीच्या मध्यावर, आणि मग बर्लिनचा काळ आला. मला या प्रवासातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून इथे जरा थांबतो.

'लो' हा अल्बम १९७७च्या जानेवारीत आला. बराचसा फ्रान्समधल्या एका जुन्या वाड्यात रेकॉर्ड झाला, पूर्ण झाला पश्चिम बर्लिनमध्ये. व्हिस्कॉन्टीने सोबत एक नवं यंत्र नेलं होतं, इव्हेंटाइड कंपनीचं हार्मोनायझर. सूर वरखाली करायचं ते यंत्र. आवाज आत जातो आणि जरासा उशिरा, वेगळ्या पट्टीत बाहेर येतो. लोक ते गायकाच्या आवाजाला जोड द्यायला वापरायचे. व्हिस्कॉन्टीने ते स्नेअर ड्रमला लावलं. स्नेअर वाजला की त्याच्या मागोमाग त्याचीच सावली खाली घसरत जाते, जणू ताशावर काडी पडली आणि त्यातून ढोल बाहेर आला. पण मोलाची गोष्ट यापुढची आहे. तो आवाज त्याने ड्रमर डेनिस डेव्हिसच्या हेडफोनमध्ये वाजवतानाच दिला. त्यामुळे डेव्हिस त्या सावलीशी खेळू लागला. काडी जोरात मारली तर ती कशी लांबते, हळू मारली तर कशी आखडते, हे ऐकत वाजवू लागला. रेकॉर्डिंग झाल्यावर एखादा आवाज वरून चिकटवणं आणि वादकाला तो आधी ऐकवून त्याच्याकडून वेगळं वाजवून घेणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरी रीत त्यालाच सुचते ज्याने स्वतः ड्रमच्या शेजारी उभं राहून वाजवलेलं असतं.

त्याच वर्षी 'हीरोज' झाला, बर्लिनच्या भिंतीजवळच्या हान्सा स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे पूर्वीचा एक मोठा सभागृह-दिवाणखाना, लाकडी जमिनीचा, घुमणारा. ड्रमवर डेव्हिस, बासवर जॉर्ज मरे, गिटारवर कार्लोस अलोमार आणि रॉबर्ट फ्रिप, सिंथेसायझरवर ब्रायन इनो. वाद्यांनी टेप भरत आणली होती आणि शीर्षकगीताच्या आवाजासाठी एकच ट्रॅक उरला. म्हणजे नवा प्रयत्न घ्यायचा तर आधीचा पुसायचा. परत फिरायची सोय नाही.

व्हिस्कॉन्टीने तीन माइक लावले. एक बोवीपासून ९ इंचांवर, दुसरा २० फुटांवर, तिसरा ५० फुटांवर. लांबच्या दोघांना त्याने गेट लावलं. गेट म्हणजे आवाजाने उघडणारं दार: आवाज ठरावीक मर्यादेच्या वर गेला तरच ते उघडतं. बोवी हळू गातो तेव्हा फक्त जवळचा माइक चालू, आवाज कानाशी बोलल्यासारखा. जोर चढला की दुसरं दार उघडतं. शेवटी तो जीव तोडून गातो तेव्हा तिसरंही, आणि सगळा दिवाणखाना गाण्यात शिरतो. काळाराम मंदिराच्या सभामंडपात कुणी जवळ बसून गुणगुणतंय आणि तेच गाणं खांबांना आपटून परत येतंय, हा फरक ज्याने अनुभवला आहे त्याला हे समजेल. त्यात आणखी एक गंमत अशी की जोर लावल्याशिवाय दार उघडणार नाही हे गायकालाही माहीत होतं. त्यामुळे खोलीच त्याच्याकडून गाणं काढून घेत होती. गाण्यातल्या भिंतीपाशी भेटणाऱ्या जोडप्यामागे स्टुडिओच्या खिडकीतून दिसलेला स्वतः व्हिस्कॉन्टीच होता, हे कित्येक वर्षांनी बाहेर आलं. तो तेव्हा विवाहित होता आणि बोवीने ते मनात ठेवलं होतं.

याच सुमारास लंडनच्या सोहो भागात त्याचा स्वतःचा गुड अर्थ स्टुडिओ होता. थिन लिझी या आयरिश बँडबरोबर त्याने १९७८चा 'लाइव्ह अँड डेंजरस' केला. त्या बँडचा म्होरक्या फिल लिनट गायचा आणि बास वाजवायचा. १९८०मध्ये बोवीचा 'स्केरी मॉन्स्टर्स' झाला. पुढच्या अल्बमसाठी व्हिस्कॉन्टीने तारखा राखून ठेवल्या होत्या, पण बोवीने नाइल रॉजर्स यांना घेतलं आणि १९८३मध्ये 'लेट्स डान्स' आला. मग जवळजवळ वीस वर्षं दोघांनी एकत्र अल्बम केला नाही.

या वाटेने गेलेला तो एकटा नाही, हे त्या वडिलांना सांगणं मला गरजेचं वाटलं. फीलिक्स पॅपलार्डी यांनी १९६७मध्ये क्रीमचा 'डिझ्रेली गिअर्स' केला आणि पुढे माउंटन बँडमध्ये बास वाजवला. डीप पर्पलचा बासवाला रॉजर ग्लोव्हर बँडमधून बाहेर पडला तेव्हा नाझरेथ आणि जुडास प्रीस्ट यांच्या रेकॉर्डी करत होता. बगल्सचा ट्रेव्हर हॉर्न मूळचा बासवाला, ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या सगळ्यात मागणी असलेल्या प्रोड्युसरांपैकी एक. बिल लॅझवेल, डॉन वॉझ, किलिंग जोकचा यूथ, ही नावं आणखी लांबवता येतील. डॉन वॉझ यांनी १९८९मध्ये बॉनी रेटचा 'निक ऑफ टाइम' केला आणि २०१२पासून ते ब्लू नोट या जॅझ कंपनीचे प्रमुख झाले. जॅक डग्लस बास वाजवत मोठे झाले, एअरोस्मिथचे गाजलेले अल्बम आणि जॉन लेननचा १९८०चा 'डबल फँटसी' त्यांच्या नावावर आहे, आणि पुढे त्यांनी कॅलिफोर्नियात ध्वनिमुद्रणाच्या कॉलेजात शिकवलं. कॅरल केय यांचा क्रम थोडा उलटा: चौदाव्या वर्षी, १९४९मध्येच त्या गिटार शिकवू लागल्या, १९६३मध्ये एका रेकॉर्डिंगला बासवाला आला नाही म्हणून बास हाती घेतला, १९६९मध्ये बास शिकवणारं पुस्तक स्वतः काढलं. लॉस एंजलिसमधल्या हजारो रेकॉर्डिंगांमध्ये त्यांचा बास आहे, आणि ऐकणाऱ्यांना बरीच वर्षं त्यांचं नाव माहीत नव्हतं.

व्हिस्कॉन्टी न्यूयॉर्कला परतला होता. २००२च्या 'हीदन'पासून बोवीबरोबर पुन्हा सुरुवात झाली. 'द नेक्स्ट डे' दोन वर्षं पूर्ण गुपित ठेवून केला. रस्त्याने चालताना तो कानात हीच गाणी ऐकत फिरायचा आणि शेजारून जाणाऱ्यांना पत्ता नसायचा. ८ जानेवारी २०१६ला बोवीच्या ६९व्या वाढदिवशी 'ब्लॅकस्टार' आला. १० तारखेला बोवी गेला.

त्याच्या आधी, २०१४मध्ये, एक गोष्ट घडली होती जिच्यावर मला वेगळा लेख लिहायला आवडेल. वुडी वुडमन्सीबरोबर त्याने होली होली नावाचा बँड उभा केला आणि १९७०चा तोच 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड' अल्बम रंगमंचावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायला घेतला. रॉन्सन १९९३मध्ये गेले होते, त्यांची गिटार दुसऱ्यांनी वाजवली. बास मात्र ज्याचा होता त्यानेच वाजवला. वय ७०. चव्वेचाळीस वर्षं काचेमागे बसल्यावर परत तीच बोटं, त्याच पट्ट्या.

आणि मग फळा. लंडनच्या नैर्ऋत्येला किंग्स्टन विद्यापीठ आहे. तिथे २०१६मध्ये व्हिस्कॉन्टीच्या नावाने स्टुडिओ सुरू झाला आणि तो अभ्यागत प्राध्यापक म्हणून शिकवू लागला. रेकॉर्डिंगची मोठी अष्टकोनी खोली, डिजिटलबरोबर जुनी टेपची यंत्रं. विद्यार्थ्यांनी टेपवर काम करावं, सगळे वादक एका खोलीत बसवून रेकॉर्ड करावं, असा त्यामागचा विचार. हे जुन्याचं प्रेम आहे असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आज लॅपटॉपवर दोनशे ट्रॅक घेता येतात, म्हणून आमची मुलं निर्णय घेतच नाहीत, गिटारचे आठ प्रयत्न ठेवतात आणि म्हणतात, "सर, नंतर बघू." टेपवर एकच ट्रॅक उरला असेल तर नंतर नसतं. 'हीरोज'चा आवाज ज्याने तसा घेतला, तो मुलांना टेपसमोर का बसवेल हे उघड आहे.

कलावंताने शाळा काढून शिकवणं नाशिकला नवीन नाही. विष्णू दिगंबर पलुस्करबुवांनी ५ मे १९०१ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. घरी राहून, गुरूची सेवा करून मिळणारं गाणं त्यांनी वर्ग, पुस्तक आणि परीक्षा यांत आणलं. स्वरलिपी स्वतः तयार केली. मुंबईची संस्था कर्जात गेल्यावर १९२०च्या दशकात बुवा नाशिकला आले, इथे रामनाम आधार आश्रम उभारला आणि शेवटच्या वर्षांत इथून शिष्य घडवले. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांचं लहानपण नाशिकमधलंच. बुवांचं गाणं आणि व्हिस्कॉन्टीचं रॉक यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तो जोडायचाही नाही. पण सूर कागदावर उतरवता आला की तो दुसऱ्याच्या हातात देता येतो, ही गोष्ट लाहोरच्या वर्गातही खरी होती आणि कॉर्डेलने न्यूयॉर्कमध्ये कागदाकडे पाहिलं तेव्हाही. म्हणूनच आमच्या क्लासमध्ये बासवाल्या मुलांना पहिल्या महिन्यापासून लिहायला लावतो, ती कितीही कुरकुरली तरी.

आता नाशिकमध्ये घरच्या खोलीत स्टुडिओ थाटलेली मुलं दिसतात. एक ऑडिओ इंटरफेस, एक माइक, लॅपटॉप, भिंतीवर फोम. २००८पासून सुला फेस्टमुळे द्राक्षमळ्यांजवळच्या रंगमंचावर मोठ्या साउंड सिस्टिमवर बँड ऐकायची सोय झाली आणि बास खराखुरा पोटात कसा वाजतो हे मुलांना शहर न सोडता कळलं. माझ्या पिढीने हे सगळं टेपरेकॉर्डरच्या चार इंची स्पीकरवर ऐकलं. तो स्पीकर ४१ कंपनांचा सूर काढूच शकत नाही. त्या सुराच्या वरच्या छटा तेवढ्या बाहेर येतात आणि मेंदू त्यांवरून खालचा सूर स्वतः भरून काढतो. आम्ही वर्षानुवर्षं न वाजलेला बास ऐकत होतो.

त्या वडिलांना शेवटी मी 'हीरोज' लावून दाखवलं. गाणं त्यांच्या ओळखीचं नव्हतं, भाषाही जवळची नव्हती. मिनिटभर वाजू दिलं आणि मग इक्वलायझरवर सेकंदाला दीडशे कंपनांच्या खालचं सगळं कापलं. गायक तसाच गात होता, गिटार तशीच होती. ते पुढे झुकले. म्हणाले, "पाया काढला का?" मी मान डोलावली. मग ते सांगू लागले की त्यांच्या शॉपमध्ये लेथचं बेअरिंग जायला लागलं की वरचा आवाज नंतर बदलतो, आधी खालची घरघर बदलते. नवीन पोरांना ती ऐकू येत नाही, त्यांना दोन-तीन वर्षं शेजारी उभं करावं लागतं. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. वडिलांच्या कामाबद्दल हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मी खालचे सूर परत सोडले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा एकदा कापा. आणि हा कुठे येतो, तेवढं हळू दाखवा."